मुल्हेर, उतरताना

सटाण्याहून ताहराबाद, ताहराबादहून मुल्हेर.
एसटीत शेजारी डाळिंबाची रोपं, काळ्या पिशव्यांत,
मालकीण गाढ झोपलेली,
आणि रोपं प्रत्येक खड्ड्याला
माझ्या गुडघ्यावर मान टाकणारी.

गावात वाटाड्या मिळाला, कौतिक बागुल.
"राजेही बागुलच," पहिल्या चढालाच म्हणाला,
"कनोजकडून आलेले म्हणे, राठोड रजपूत.
आम्ही कुठून आलो ते कुणी लिहून ठेवलं नाही.
आडनाव तेवढं एक. सातबारे वेगळे."
आणि हसला. पुढचे दोन दात नसलेलं हसू,
पडलेल्या दरवाजासारखं,
आत येऊ देणारं.

गणपतीच्या देवळापुढच्या तळ्यात
खांबांपेक्षा खांबांच्या सावल्याच धड उभ्या होत्या.
सोमेश्वराच्या गाभाऱ्यात वटवाघळं,
आणि कुणीतरी नुकतीच लावून गेलेली उदबत्ती.
मोती तलावाशी तो थांबला.
"गळतो. माझा आजाही म्हणायचा, गळतो.
तरी गळून संपत नाही."

वर बालेकिल्ल्यावर वारा असा
की बोलणं अर्धं दरीत.
"बाहेरचे लोक येतात. एकदा जोधपूरचे आले.
पहिलाच प्रश्न : जोहार कुठं?
आमच्यात जोहार म्हणजे रामराम.
मीही हात जोडले, म्हटलं, जोहार!
मग कळलं, त्यांना जळालेली जागा पाहिजे.
नाही म्हटल्यावर तोंडं उतरली.
पुढच्या वेळी मी एक गोल चर दाखवला.
चुना मळायची घाणी ती.
बायकांनी फुलं वाहिली,
एकीनं हातातली बांगडी काढून ठेवली.
चार रात्री झोप नाही मला."

मग खरं काय?

"बठ. पानी पी.
खरं कुणाला ठावं. मन्ही माय सांगे,
वेढा पडला, टाक्यात पाण्यापेक्षा बेडूक जास्त झाले.
राणीपुढं सरपण रचलं.
तिनं विचारलं, एवढ्या लाकडांत
भाकरी किती दिवस होतील?
अकरा, स्वैपाकीण म्हणाली.
अकरा दिवस भाकरी झाल्या.
बाराव्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा देऊन टाकला,
ओच्यात नागलीचं बियाणं बांधलं
आणि हरगडाच्या अंगानं उतरून गेली.
नाव कुणी धरलं नाही तिचं.
भाट जळालेल्यांवर गातात.
मावशी म्हणायची, नागली नव्हे, बाजरी.
त्यावरून दोघी बहिणी भांडायच्या.
राणी होती की नव्हती,
यावरून कधीच नाही."

मी काही बोलले नाही.
गेल्या गुरुवारी, तांबट आळीत,
दुकानाच्या किल्ल्या मी एका सभ्य माणसाच्या
तळहातावर ठेवल्या. तो तिथं
मोबाईलची कव्हरं विकणार आहे.
दादांच्या हातोड्या एकोणतीस. अठ्ठावीस मोडीत.
चुलते म्हणाले, अजून थोडा तग धरायचा होतास.
वेढ्याबाहेरून तग फार सोपा दिसतो.

उतरताना ती घाणी लागली.
मीच म्हटलं, दाखव.
लाखेची बांगडी, लाल, एका जागी तडकलेली,
मधून गवताची काडी वर आलेली.
"काढून टाकू?" कौतिक पुटपुटला.
"जागा खोटी आहे ना."
मग स्वतःच मान हलवली.
"ऱ्हाऊ दे. रडली तेव्हा खरी रडली ती बाई."

पिशवीत पाण्याच्या बाटलीखाली
एकोणतिसावी हातोडी दर पायरीला
कंबरेवर ठोके देत होती, हलके,
पातेल्याचा काठ वळवताना देतात तसे.

शेवटची गाडी साडेपाचची.
चुकलीच तर ताहराबादपर्यंत
कांद्याची पिकअप मिळते, तो म्हणाला,
मागं बसावं लागेल.